बिस्मथ टेल्युराइडच्या भुकटीसाठी बनवून घेतलेला कंपन-फीडर: दोन पावसाळ्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

रत्नागिरीच्या मिरजोळे औद्योगिक वसाहतीत एक लहान कार्यशाळा आहे. काजूगराच्या प्रतवारीसाठी लागणाऱ्या हलत्या चाळण्या बनवणे हा तिचा मुख्य व्यवसाय. या कार्यशाळेने आमच्या महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान प्रयोगशाळेसाठी एक फीडर बनवून दिला. निर्वात कक्षात बसून कोरडी भुकटी कणाकणाने तापलेल्या धातूवर सोडणे एवढेच त्याचे काम, आणि ते काम आम्ही त्याच्याकडून सलग दोन पावसाळे करून घेतले आहे. कार्यशाळेचे मालक अशी कामे मोजकीच घेतात, म्हणून त्यांच्या इच्छेप्रमाणे नाव येथे देत नाही. परंतु समुद्राकाठच्या दमट हवेत पातळ थरांवर काम करणाऱ्या इतर प्रयोगशाळांना या यंत्राच्या रचनेतून, आणि त्यात राहून गेलेल्या उणिवांतूनही, बरेच घेता येईल असे वाटल्यामुळे हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे.

आम्ही काचेवर बिस्मथ टेल्युराइडचे पातळ थर बसवतो. खोलीच्या तापमानाच्या आसपास उष्णतेच्या फरकापासून वीज मिळवण्यासाठी, आणि उलट वीज देऊन गारवा मिळवण्यासाठी, हे संयुग फार उपयोगी आहे. विजेवर चालणाऱ्या लहान शीतपेट्यांतील पेल्टिए घटक याच कुटुंबातले. अडचण अशी की त्यातील दोन मूलद्रव्यांचे वाफ होण्याचे स्वभाव एकमेकांपासून दूर आहेत. टेल्युरिअमचा वाफदाब टॉरच्या (निर्वातातला दाब मोजण्याच्या एककाच्या) दहाहजाराव्या भागापर्यंत चढायला साधारण २८० अंश सेल्सिअस पुरतात, तर बिस्मथला त्यासाठी ५२० अंशांच्या आसपास जावे लागते. त्यामुळे सगळा माल एकदम होडीत, म्हणजे विजेने तापणाऱ्या धातूच्या खोलगट पट्टीत, ठेवून हळूहळू तापवला, तर टेल्युरिअम आधी निघून जाते, बिस्मथ मागे रेंगाळते, आणि काचेवर तळाला एक मिश्रण व वर दुसरेच मिश्रण बसते. आमच्या सुरुवातीच्या थरांना तापलेल्या टोकाची आणि थंड टोकाची तार लावून मीटर पाहिला, तेव्हा दोन वेगवेगळ्या दिवशी बनवलेल्या थरांवर विजेच्या दाबाचे चिन्हच उलट आले होते. एक थर ऋण प्रकारचा निघाला, दुसरा धन प्रकारचा. माल मात्र एकाच बाटलीतला होता.

यावरचा उपाय जुना आणि सर्वमान्य आहे. टंगस्टनची होडी गरजेपेक्षा पुष्कळ अधिक तापवून ठेवायची आणि तिच्यावर भुकटी इतकी थोडी थोडी सोडायची, की पडलेला कण पडल्याबरोबर पूर्ण वाफ व्हावा आणि होडीवर माल साचू नये. याला फ्लॅश बाष्पीभवन म्हणतात. एका कणापुरता टेल्युरिअम आधी आणि बिस्मथ नंतर हा क्रम राहतोच, पण असे असंख्य कण एकामागून एक येत राहिले की काचेपर्यंत पोहोचणाऱ्या वाफेचे प्रमाण सरासरीने मूळ भुकटीइतकेच राहते. जात्यावर बसलेली बाई ज्या हिशेबाने वैरण घालते, तोच हा हिशेब आहे. ओंजळभर दाणे एकदम ओतले तर पीठ जाडेभरडे पडते, हात थांबला तर दगडावर दगड घासतो. फरक इतकाच की तिचा हात जात्याच्या आवाजावरून आपोआप सावरतो, आणि आम्हाला तो हात लोखंडाचा बनवून बंद कक्षात ठेवायचा होता.

किती थोडे सोडायचे, याचा अंदाज आला म्हणजे अडचण कोठे आहे ते कळते. होडीपासून काच १५ सेंटिमीटर उंच असेल, तर तिच्यावर १ मायक्रॉन जाडीचा थर बसवण्यासाठी साधारण अर्धा ग्रॅम भुकटी लागते. ती १० मिनिटांत सोडायची म्हटले तर सेकंदाला जेमतेम ०.९ मिलिग्रॅम पडते. कणाचा व्यास १०० मायक्रॉन धरला तर एका कणाचे वजन सुमारे ४ मायक्रोग्रॅम येते, म्हणजे सेकंदाला सव्वादोनशेच्या आसपास कण. हा ओघ १० मिनिटे न तुटता आणि न फुगता चालू राहिला पाहिजे.

या फीडरच्या आधी आम्ही दुसऱ्या एका पुरवठादाराकडून स्क्रूने माल पुढे ढकलणारा फीडर घेतला होता. त्याची कैफियत थोडक्यात सांगतो. स्क्रूचा प्रत्येक फेरा पुरा होताना भुकटीचा एक गोळा पडे आणि मग काही क्षण काहीच पडत नसे. थराची जाडी मोजणाऱ्या क्वार्ट्झ स्फटिकाच्या आलेखावर प्रत्येक फेऱ्याची पायरी स्पष्ट दिसे. शिवाय स्क्रू आणि नळी यांच्यामधल्या फटीत कण दळले जात. आम्ही मोठ्या काळजीने चाळून घेतलेल्या भुकटीत पुन्हा बारीक धूळ तयार होई आणि ती धूळच पुढे तोंडाशी कमान धरून बसे. बेअरिंगमध्ये साधे ग्रीस भरलेले होते, त्यामुळे कक्षातील दाब हव्या त्या पातळीवर उतरतच नव्हता. पहिल्या जून महिन्यात पाऊस लागल्यावर चौथ्याच दिवशी तो फीडर बंद पडला आणि विक्रेत्याने भुकटी खराब असल्याचे सांगून विषय मिटवला. भुकटी दमट झाली होती हे खरेच होते. रत्नागिरीत पावसाळ्यात काहीही दमट होते. घरोघरी मिठाच्या बरणीला पाणी सुटते, हे गृहीत धरूनच येथे यंत्र बनवायला हवे.

मिरजोळ्याच्या कार्यशाळेबद्दल माझे मत पहिल्या भेटीतच चांगले झाले, त्याचे कारण हेच आहे. मी आराखडा काढून नेला होता. मालकांनी तो बाजूला ठेवला आणि म्हणाले, "सर, आधी पावडर दाखवा. आणि ती पावसातच दाखवा, मे महिन्यातली नको." आम्ही जुलैमध्ये दोन बाटल्या घेऊन गेलो. एकीतली भुकटी निर्वात भट्टीत ११० अंशांवर वाळवून सिलिका जेलसह बंद केलेली होती, दुसरीतली दोन दिवस प्रयोगशाळेत उघडी ठेवलेली होती. दोन्ही भुकट्या १०० आणि २०० नंबरच्या चाळण्यांच्या मधल्या, म्हणजे १५० ते ७५ मायक्रॉन आकाराच्या होत्या. त्यांनी तोंडाला मास्क लावला, काचेचे एक नरसाळे स्टँडवर अडकवले, खाली लोखंडी पाटा ठेवला आणि दोन्ही भुकट्यांचे ढीग पाडले. वाळवलेल्या भुकटीचा ढीग पसरट, उतरणीला गुळगुळीत पडला. कोनमापक लावला तर ३४ अंश भरले. उघड्या भुकटीचा ढीग उभट झाला, त्याच्या बगलेला भेगा पडल्या, आणि नरसाळे मध्येच दोनदा तुंबले. मग त्यांनी मोजपात्रात दोन्ही भरून, टेबलावर हलकेच आपटत, किती बसतात ते पाहिले. कोरडी भुकटी थोडीशी बसली, उघडी चांगलीच खाली गेली. आपटल्यानंतरची घनता भागिले आधीची घनता हे गुणोत्तर सव्वाच्या वर गेले की भुकटी वाहायला नाखूष असते, असा या क्षेत्रातला ठोकताळा आहे. उघड्या भुकटीने ती मर्यादा ओलांडली होती.

ही दोन मोजमापे करायला पाऊण तास लागला आणि लागलेले सर्व साहित्य मिळून काही शे रुपयांचे असेल. आधीच्या विक्रेत्याने यातले काहीही केले नव्हते. पाण्याचा एक सूक्ष्म थेंब दोन कणांच्या मध्ये पूल बांधतो. त्या पुलाची ओढ कणाच्या त्रिज्येच्या प्रमाणात असते, तर कणाचे वजन त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात. म्हणून कण जितका बारीक तितकी ओढ वजनावर अधिक मात करते आणि भुकटी चिकटते. मालकांनी हे सूत्र वापरून सांगितले नाही, पण भाट्याच्या किनाऱ्यावरची काळी, जड वाळू मुठीतून कशी सरसर निसटते आणि तांदळाचे पीठ कसे बोटांना धरून राहते, याचे उदाहरण देऊन नेमके तेच सांगितले.

त्यानंतर त्यांनी जो निर्णय घेतला तो या संपूर्ण यंत्राचा गाभा आहे, म्हणून त्यावर थोडा अधिक वेळ थांबतो. माझ्या आराखड्यात भुकटीचा ओघ हॉपरच्या, म्हणजे भुकटी भरून ठेवायच्या शंकूच्या भांड्याच्या, तोंडाच्या आकारावरून ठरत होता. भोक लहान केले की माल कमी पडेल, असे मी गृहीत धरले होते. दाणेदार माल भोकातून किती वेगाने पडतो याचे सूत्र नेदरलँड्समधील बेव्हरलू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये दिले. भोकाच्या व्यासातून कणाच्या व्यासाची सुमारे १.४ पट वजा करायची आणि उरलेल्याचा अडीचावा घात घ्यायचा. ओघ त्याच्या प्रमाणात असतो. हा हिशेब आमच्या भुकटीला लावून पाहिला, तर सेकंदाला ०.९ मिलिग्रॅमसाठी भोक सुमारे पाव मिलिमीटर असायला हवे. म्हणजे कणाच्या जेमतेम अडीच पट. इतक्या अरुंद तोंडात चार-पाच कण एकमेकांना खांदा लावून कमान धरतात आणि ओघ थांबतो. कमान धरू नये यासाठी भोक कणाच्या निदान पाच-सहा पट लागते. तसे ०.६ मिलिमीटरचे भोक ठेवले, तर सेकंदाला ३० मिलिग्रॅमच्या वर माल पडतो, म्हणजे आम्हाला हव्या असलेल्या ओघाच्या तीसपटीहून अधिक. थोडक्यात, साध्या भोकाने एकतर तुंबायचे किंवा ओतायचे. मधला मार्ग भोकात नाहीच.

कार्यशाळेने भोकाकडून नियंत्रणाचे काम काढूनच घेतले. हॉपरचे तोंड चांगले ३ मिलिमीटर रुंद ठेवले आणि त्याच्या खाली, केवळ १ मिलिमीटर अंतरावर, किंचित उताराची पन्हळ बसवली. तोंडातून उतरलेली भुकटी पन्हळीवर लहानसा ढीग करते, तो ढीग आपल्या नैसर्गिक कोनात येतो आणि तोंड आपोआप झाकले जाते. यंत्र बंद असताना एकही कण पडत नाही. पन्हळीला कंपन दिले की ढिगाच्या पायथ्याचा पातळ थर पुढे सरकू लागतो, आणि जितका सरकतो तितकाच वरून भरून निघतो. किती सरकायचे हे कंपनाचा पल्ला ठरवतो, आणि पल्ला विजेने ठरवता येतो. काजूच्या चाळणीत वर्षानुवर्षे हेच तत्त्व वापरत असल्यामुळे त्यांना ते सुचायला वेळ लागला नाही. घाटावरच्या पाभरीच्या चाड्यात शेतकरी जे काम बोटांनी करतो, ते येथे पन्हळीची थरथर करते.

हॉपर ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलचा आहे, आतून घासून आरशासारखा केलेला, आणि त्याच्या शंकूच्या भिंती क्षितिजाशी ७० अंशांवर उभट आहेत. उभट आणि गुळगुळीत भिंतीचे महत्त्व अँड्र्यू जेनिके यांनी युटा विद्यापीठात १९६०च्या दशकात गणिताने दाखवले. भिंत आडवी किंवा खरखरीत असेल तर मधला माल वाहतो आणि कडेचा तसाच बसून राहतो, उंदराने बीळ पाडावे तसे. आमच्या हॉपरमध्ये माल सगळीकडून एकसारखा खाली उतरताना दिसतो. हॉपर भरलेला असो वा पाव भागावर आलेला असो, ओघात फारसा फरक पडत नाही, आणि त्यालाही कारण आहे. भुकटीचे बरेचसे वजन घर्षणामुळे भिंतींवर टेकते, तळावर सगळे येत नाही. जर्मन अभियंता यान्सन यांनी १८९५ मध्येच हे धान्याच्या कोठारांसाठी मांडले होते. आम्ही हवेत, तराजूच्या ताटलीवर पाच-पाच मिनिटे भुकटी पाडून वजने घेतली. भरलेला हॉपर आणि पाव हॉपर यांच्यातला फरक चार टक्क्यांच्या आत राहिला. स्क्रूच्या फीडरबरोबर वर्षभर झगडल्यानंतर ती वजनांची वही पाहताना मला जो दिलासा वाटला तो शब्दांत सांगणे अवघड आहे.

पन्हळ दोन पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर तिरकी टांगलेली आहे आणि तिच्या पाठीला मऊ लोखंडाचा तुकडा लावला आहे. तो ओढणारे विद्युतचुंबकाचे वेटोळे निर्वातात उघडे ठेवले असते, तर तारेवरच्या वार्निशातून वायू सुटला असता आणि हवा नसल्यामुळे वेटोळ्याची उष्णताही बाहेर पडली नसती. म्हणून वेटोळे स्टीलच्या बंद डबीत आहे, डबीतून एक नळी कक्षाच्या तळपाटातून बाहेर येते, आणि त्यामुळे डबीच्या आत नेहमी बाहेरचीच हवा असते. चुंबकाची ओढ डबीच्या पातळ, चुंबकत्व न घेणाऱ्या भिंतीतून पन्हळीपर्यंत पोहोचते. एकही बेअरिंग नाही, एकही फिरता दांडा नाही, ग्रीसचा प्रश्नच नाही. इतकी सुटसुटीत रचना मी विकतच्या यंत्रात पाहिलेली नाही.

पहिल्या चाचणीत मात्र मोठी फजिती झाली आणि ती आम्हा सर्वांच्या घाईमुळे झाली. हॉपरमध्ये २० ग्रॅम भुकटी भरून आम्ही बेल जार, म्हणजे कक्षावरची काचेची घंटा, खाली केला आणि रोटरी पंपाची झडप नेहमीप्रमाणे पूर्ण उघडली. कणांच्या मधल्या पोकळ्यांत अडकलेली हवा एकदम बाहेर पडू लागली. पेज उतू जावी तशी भुकटी हॉपरच्या काठावरून वर आली, आणि डोळ्यांदेखत बेल जारची काच खालून वर काळी होत गेली. कक्ष, पन्हळ, होडी सगळे पुसून काढायला दोन दिवस गेले. टेल्युरिअमचा अंश शरीरात गेला तर श्वासाला लसणासारखा वास कित्येक दिवस राहतो, त्यामुळे ते पुसणेही हातमोजे आणि मास्क घालून, खिडकीतला पंखा लावूनच करावे लागले. दुसऱ्याच आठवड्यात कार्यशाळेने हॉपरला झाकण करून दिले. त्यात ब्राँझच्या कणांची भाजून बनवलेली सच्छिद्र चकती आहे. तिच्यातून हवा जाते, भुकटी जात नाही. झडपेला समांतर एक बारीक सुईची झडपही त्यांनी बसवली, आणि आता सुरुवातीची १५ मिनिटे हवा केवळ तिच्यातूनच काढली जाते. त्यानंतर हा प्रकार पुन्हा घडलेला नाही. या दुरुस्तीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, याची नोंद येथे केलीच पाहिजे.

विजेच्या बाबतीतही एक बदल करावा लागला. पहिल्या मांडणीत चुंबक घरगुती विजेवर, मध्ये एक डायोड घालून, सेकंदाला ५० झटक्यांवर चालत होता. पावसाळ्यात येथे विजेचा दाब दिवसातून किती वेळा खालीवर होतो हे कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको. दाब उतरला की पन्हळीचा पल्ला कमी होई आणि ओघ मंदावे. पल्ला एका मर्यादेखाली गेला की कण सरकणेच थांबे. आता चुंबकाला स्वतःचा छोटा आंदोलक आणि प्रवर्धक आहे, आणि तो स्थिर पुरवठ्यावर चालतो. त्याची वारंवारिता स्प्रिंगच्या स्वाभाविक वारंवारितेवर न ठेवता मुद्दाम थोडी बाजूला ठेवलेली आहे. स्वाभाविक वारंवारितेवर कमी विजेत मोठे कंपन मिळते हे खरे, पण तेथे भुकटीचे वजन किंचित बदलले तरी पल्ला झपाट्याने बदलतो. बाजूला राहिले की थोडी वीज अधिक जाते आणि ओघ स्थिर राहतो. हा समंजस सौदा कार्यशाळेतील तरुण वायरमनने सुचवला.

आता फलिताविषयी. दोन पावसाळ्यांत आम्ही या फीडरवर साठाहून अधिक थर बसवले. त्यांतले काही थर बाहेर क्ष-किरणांच्या तपासणीसाठी पाठवले. बिस्मथ आणि टेल्युरिअम यांचे प्रमाण दोनास तीनाच्या जवळ आले, आणि थराच्या तळाशी व वर ते सारखेच राहिले. तापल्या टोकाच्या चाचणीत चिन्ह आता सर्व थरांवर एकच येते. जाडीमापकाच्या आलेखावर पूर्वीच्या पायऱ्या गेल्या आणि सरळ चढती रेषा आली. जुलैमध्ये बनवलेला थर आणि जानेवारीत बनवलेला थर शेजारी ठेवले तर मोजमापांत फरक काढणे आम्हाला जमत नाही. भुकटी भरण्यापूर्वी वाळवणे, हॉपर दिव्याखाली कोमट करून मगच भरणे आणि निळे सिलिका जेल गुलाबी होताच बदलणे, ही शिस्त मात्र आम्ही पाळतो. ती न पाळता कोणताही फीडर येथे चालेल असे मला वाटत नाही.

उणिवा आहेत, आणि त्यातली एक अजून सुटलेली नाही. पन्हळीवरून निघालेले कण होडीवर नेमके पडावेत म्हणून मध्ये क्वार्ट्झची एक नळी आहे. होडीतली वाफ काही प्रमाणात उलट वर येऊन नळीच्या खालच्या तोंडाच्या आत बसते, तेथे काळसर कडे तयार होते, आणि त्या कड्याला कण चिकटू लागतात. साधारण आठ-दहा थरांनंतर नळीचे तोंड इतके आकसते की ती काढून ॲसिडने साफ करावी लागते. नळी होडीच्या मध्यापासून थोडी बाजूला सरकवून आणि मॉलिब्डेनमच्या पत्र्याचा आडोसा लावून आम्ही हे प्रमाण कमी केले आहे, पण ते संपलेले नाही. नळी वर उचलली तर तापलेल्या होडीवर आपटून कण बाहेर उडतात. खाली आणली तर कडे लवकर धरते. आज नळी होडीपासून ३० मिलिमीटरवर ठेवली आहे, आणि ती जागा आम्हाला प्रयोगानेच सापडली.

दुसरी उणीव निर्वाताच्या अनुभवाअभावी राहिली. आधारपट्टीत स्क्रूसाठी पाडलेली भोके आरपार नव्हती. अशा बंद भोकात स्क्रूच्या मागे अडकलेली हवा तासन् तास झिरपत राहते, आणि कक्षाला कोठेतरी गळती आहे असा भास होतो. आम्ही दोन दिवस रबरी कड्या बदलत बसलो, मग कारण लक्षात आले. स्क्रूंच्या मधून बारीक भोक पाडून घेतल्यावर दाब टॉरच्या लाखाव्या भागापर्यंत नेहमीच्या वेळेत उतरू लागला. त्या दाबाला हवेचा रेणू दुसऱ्याला धडकण्यापूर्वी सरासरी ५ मीटर जातो, त्यामुळे होडीतून निघालेली वाफ काचेपर्यंत सरळ पोहोचते. एवढा दाब मिळणे ही किमान अट आहे. निर्वाताचे काम प्रथमच करणाऱ्या कोणत्याही कार्यशाळेला ऑर्डर देताना ही एक गोष्ट आराखड्यावर ठळक लिहून द्यावी.

याखेरीज, कंपनाच्या बटणावर आकडे नाहीत, केवळ एक रेघ आहे, त्यामुळे कालचा ओघ आज पुन्हा लावायचा तर तराजूवर एकदा पडताळून पाहावे लागते. माहितीपत्रक मिळाले नाही. जे आहे ते आमच्या विद्यार्थ्यांनी लिहून काढले. काम ठरल्यापेक्षा सात आठवडे उशिरा झाले, कारण काजूचा हंगाम मध्ये आला आणि त्या काळात ही मंडळी दुसरे काही हातात घेत नाहीत. हे त्यांनी आधीच सांगितले असते तर बरे झाले असते. किंमत सर्व मिळून ५८,००० रुपये पडली, आणि मिळालेल्या कामाच्या तुलनेत ती मला रास्त वाटते.

हा फीडर सर्व भुकट्यांना चालणार नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. आम्ही ३० मायक्रॉनहून बारीक भुकटी मुद्दाम भरून पाहिली. कोरडी असूनही ती पन्हळीवर गोळ्या करून बसली, कंपन वाढवले तर गोळीच्या गोळी खाली पडली, आणि होडीवर भडका उडाल्यासारखी वाफ झाली. इतक्या बारीक कणांत पाण्याचा पूल नसला तरी कणाकणांतील आकर्षणच वजनावर मात करते. त्याला पन्हळीचा कोन किंवा हॉपरचा उतार काही करू शकत नाही. ज्यांच्याकडे अशी भुकटी असेल त्यांनी ती आधी दाबून, फोडून, योग्य आकाराला चाळून घ्यावी किंवा वेगळा मार्ग शोधावा. १५० मायक्रॉनच्या वरचे कणही नकोत. व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होते, असा कण होडीवर पूर्ण वाफ होण्याआधीच उसळून बाहेर पडतो, आणि काचेवर त्याचे ठिपके दिसतात.

आता अँटिमनी टेल्युराइडचे थर सुरू करायचे आहेत. दोन भुकट्या एकाच पन्हळीत मिसळू नयेत म्हणून दुसरी पन्हळ आणि दुसरा हॉपर त्याच कार्यशाळेला सांगितला आहे. या वेळी स्क्रूची भोके आरपार, बटणावर आकडे, आणि क्वार्ट्झच्या नळीचे खालचे टोक तिरके कापलेले, असे तीन बदल लिहून दिले आहेत. मालकांनी नवी भुकटी मागवून घेतली आणि विचारले की ही दमट झाली तर कशी वागते. त्यासाठी तिची एक बाटली त्यांच्याकडे गेल्या सोमवारपासून उघडी ठेवलेली आहे.